परवडणारा डिफ-लॉक: जिप्सीसाठी मांडलेला एक हिशेब

डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका एक्सलवरची दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी वस्तू, मी प्रथम पाहिली ती जीपमध्ये नव्हे, तर चुलत्यांच्या ट्रॅक्टरवर. उसाने भरलेली ट्रॉली ओल्या रानातून बांधावर काढताना मागचे डावे चाक जागच्या जागी फिरू लागले, चिखलाचे फवारे उडू लागले आणि कोरड्यावर असलेले उजवे चाक मात्र ढिम्म उभे राहिले, तेव्हा आण्णांनी उजव्या टाचेखालचे एक छोटे पेडल दाबले. ‘कट्’ असा आवाज आला, दोन्ही चाके एकदम फिरली आणि ट्रॉली वर आली. मी तेव्हा सातवीत असेन. बांधावर येताच त्यांनी टाच उचलली आणि मगच स्टिअरिंग वळवले. “वळताना टाच उचलायची, न्हाईतर हौसिंगचं वाट्टोळं हुतंय,” एवढेच ते म्हणाले. पुढे तीस वर्षांनी जिप्सीसाठी लॉकर, म्हणजे असाच डिफरन्शियल लॉक, शोधताना जे वाचले, विचारले आणि पदरचे पैसे घालून शिकलो, त्यातले निम्मे त्या एका वाक्यात आधीच होते.

माझ्याकडे २००४ सालची, कापडी छताची मारुती जिप्सी किंग आहे. कागदोपत्री तिचे वजन ९८५ किलो आणि १.३ लिटर इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती आहे. चिखलात तिचे निम्मे काम हा हलकेपणाच करतो. कोल्हापुरातून गगनबावडा तालुक्यातील आमच्या शेतावर जाताना शेवटचे दोन किलोमीटर गाडीवाट आहे: तांबडी माती, मध्येच उघडे पडलेले जांभ्याचे थर, आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. एका ठिकाणी ओढ्याचा काठ त्या चाकोऱ्यांना तिरका छेदून जातो. तेथे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी हलके होते, आणि फोर व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा मंद गतीचा गिअर) लावलेले असूनही गाडी उभी राहते. इंजिन चालू असते, दोन चाके फिरत असतात, आणि गाडी तसूभर पुढे सरकत नाही. आमच्या मित्रमंडळात याला ‘क्रॉसमध्ये अडकणे’ म्हणतात. सलग तीन पावसाळे शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारावी लागली, तो पैसे घेत नसे, पण प्रत्येक वेळी “ही फोर बाय फोर हाय न्हवं?” असे विचारल्याशिवाय दोर बांधत नसे.

हा दोष जिप्सीचा नाही, साध्या डिफरन्शियलच्या स्वभावाचा आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. जिप्सीच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १.३ मीटर धरले, तर काटकोनातील एका वळणावर बाहेरचे चाक सुमारे दोन मीटर जास्त धावते. माझ्या २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा परीघ २.१ मीटर आहे. म्हणजे बाजारपेठेतील एका साध्या चौकात वळतानासुद्धा बाहेरच्या चाकाला जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त घ्यावा लागतो. तो घेता यावा म्हणून क्राउनच्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, पोटात स्टार गिअर बसवलेले असतात. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात, पण दोन्हीकडे जोर मात्र समान वाटतात, आणि अडचण नेमकी येथेच आहे. चिखलातील चाकाला फिरायला शंभर न्यूटन-मीटर जोर पुरत असेल, तर कोरड्या दगडावर उभ्या असलेल्या चाकालाही शंभरच मिळतो. हवेत लोंबणाऱ्या चाकाला जवळपास काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. लॉकर ही समान वाटणी मोडतो. दोन्ही चाके एका दांड्याला जोडल्यासारखी बरोबर फिरू लागतात आणि ज्याच्या खाली पकड आहे, तो सगळा भार ओढतो.

लॉकरच्या शोधाला लागण्यापूर्वी मी एक शहाणपणाची गोष्ट केली, तीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. आधी टायर बदलले. झिजलेल्या रस्त्याच्या टायरांवर लॉकर बसवणे म्हणजे दोन घसरणाऱ्या चाकांना मिळून घसरायला लावणे होय. खोल नक्षीचे टायर घातल्यावर आणि गाडीवाट सुरू होते तेथे थांबून हवा २६ वरून १६ पीएसआयपर्यंत उतरवू लागल्यावर पूर्वी अडकायच्या पाचपैकी तीन जागा आपोआप सुटल्या. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि जांभ्याच्या कडेला धरून ठेवतो. परत भरण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरतो. अॅक्सिलरेटर देत असतानाच डाव्या पायाने ब्रेक हलका दाबण्याची युक्तीही उपयोगी पडते, कारण मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळाला की तेवढाच जोर दुसऱ्या चाकापर्यंतही पोहोचतो. मात्र जुन्या विलीज धाटणीच्या जीप बाळगणाऱ्यांनी हीच युक्ती हँडब्रेकने करू नये; त्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या लांब प्रॉपेलर शाफ्टवर असतो, त्यामुळे तो चाक न धरता सगळी गाडीच धरतो. एवढे सगळे करूनही ओढ्याकाठची ती तिरकी जागा शिल्लक राहिली, आणि मग मी हिशेबाला बसलो.

सर्वांत स्वस्त उपाय कोणत्याही गॅरेजमध्ये एका दुपारात होतो. डिफरन्शियल उघडायचे, स्टार गिअर एकमेकांना वेल्डिंगने जोडून टाकायचे आणि बंद करायचे. जगभरातील हौशी लोक याला थट्टेने ‘लिंकन लॉकर’ म्हणतात, कारण लिंकन हे वेल्डिंग यंत्रांचे प्रसिद्ध नाव आहे. खर्च हजार-दोन हजार रुपयांचा. केवळ स्पर्धेत उतरणाऱ्या आणि ट्रकवरून मैदानापर्यंत नेल्या जाणाऱ्या गाडीला तो चालून जातो. पण माझी गाडी आठवड्यातून पाच दिवस भाजी, सिमेंटची पोती आणि मुलीला शाळेत नेणारी आहे. वर सांगितलेला तो एक फेऱ्याचा फरक वेल्डिंग केलेल्या गाडीत प्रत्येक चौकात टायरला रस्त्यावर घासून भरून काढावा लागतो. टायर झिजतात, चाकांपर्यंत जोर नेणारे शाफ्ट पिळले जातात आणि ओल्या घाटात आतले मागचे चाक घसरले की शेपूट बाहेर जाते. शिवाय कठीण पोलादावर घाईने केलेला जोड तडकला, तर त्याचा तुकडा क्राउन आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दातांत जातो, आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च समोर उभा राहतो. हा पर्याय मी पहिल्याच दिवशी खोडला.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचा एअर लॉकर आहे. बटण दाबले की छोट्या कम्प्रेसरची हवा डिफरन्शियलच्या आत जाते, एक कडे सरकते आणि एका बाजूचा गिअर पिंजऱ्याला, म्हणजे स्टार गिअर ज्यात बसतात त्या चौकटीला, पक्का अडकतो. बटण बंद केले की डिफरन्शियल पुन्हा साधे. हे माझ्या मते सर्वांत सभ्य यंत्र आहे. आण्णांच्या टाचेखालच्या पेडलचे हे थेट भावंड म्हणावे लागेल, कारण कधी लावायचे आणि कधी सोडायचे हे चालकाच्या हातात राहते. ईटन कंपनीचा ई-लॉकर हेच काम विद्युत-चुंबकाने करतो. पण परदेशात हजार डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या या वस्तूवर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी चढला, कम्प्रेसर आला, नवे बेअरिंग आले, हवेच्या नळीसाठी हाउसिंगला (डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाला) छिद्र पाडून ते तेलबंद करणे आले, आणि क्राउन-पिनियनची बैठक पहिल्यापासून लावणे आले, की एका एक्सलचा आकडा लाखाच्या पुढे जातो. माझी जिप्सी मी दोन लाख दहा हजारांना घेतली होती. घराच्या निम्म्या किमतीचे कुलूप लावण्यासारखाच हा प्रकार झाला असता.

या दोन टोकांच्या मध्ये लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण पूर्ण न थांबवता मर्यादित ठेवणारा, एक वर्ग आहे आणि नवख्याची सर्वाधिक फसगत तेथेच होते. क्लच-प्लेटवर चालणारा प्रकार हळूहळू झिजतो आणि त्याला तेलातही वेगळे मिश्रण लागते. तिरक्या दातांच्या गिअरवर चालणारा प्रकार, उदाहरणार्थ ट्रूट्रॅक, झिजत नाही आणि रस्त्यावर अत्यंत गुळगुळीत चालतो. परंतु तो कमी पकडीच्या चाकावरील जोराच्या काही पट जोर दुसरीकडे देतो. एक चाक हवेत असेल, तर शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. ब्रेक हलका दाबला तर काम होते, पण माझ्या ओढ्याकाठी चाक हवेतच असते, म्हणून एवढे पैसे देऊन पुन्हा डाव्या पायाच्या युक्तीवर येणे मला मान्य नव्हते.

जे वाचक नवी गाडी घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी येथे थोडे थांबावे, कारण कारखान्यातून बसून आलेला लॉकर हाच खरा स्वस्त लॉकर असतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्ही एक्सलवर चालकाने स्वतः लावायचे लॉक मिळतात. महिंद्राने २०१५ मध्ये सुधारलेल्या थारमध्ये मागच्या एक्सलवर ईटनचा यांत्रिक लॉकर आणला. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतील वजने केंद्रापसारक बलाने बाहेर फेकली जातात, एक खटका अडकतो आणि क्लच-प्लेट दाबल्या जाऊन दोन्ही चाके जोडली जातात. ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या वर तो लागतच नाही. नव्या थारवाल्यांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो, की लॉकर ‘लागत नाही’. तो लागण्यासाठी चाक आधी काही क्षण फिरू द्यावे लागते. घाबरून पाय उचलला, पुन्हा दिला, पुन्हा उचलला, तर बिचाऱ्याला संधीच मिळत नाही. २०२३ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिम्नीत लॉकर नाही. तेथे फिरणारे चाक संगणक ब्रेकने धरतो. ओल्या गवतावर आणि सैल खडीवर ते छान चालते. कोणतीही गाडी घेताना मात्र नेमके मॉडेल, वर्ष आणि प्रकार पाहूनच लॉकर आहे असे धरावे. विक्रेत्याच्या ‘असतोच’ या शब्दावर पैसे मोजू नयेत.

जुन्या जिप्सीवाल्याला उरतो तो ‘लंचबॉक्स लॉकर’. जेवणाचा डबा उघडून आतला पदार्थ बदलावा, तसा डिफरन्शियलचा मूळ पिंजरा कायम ठेवून फक्त आतील स्टार गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी चार दातेरी तुकडे, काही पिना आणि स्प्रिंगा बसवायच्या. लॉक-राइट आणि ऑसी लॉकर ही यातील जुनी नावे. जिप्सी ही सुझुकीच्या एसजे मालिकेतील असल्याने, आणि तिची सामुराई नावाची बहीण परदेशात हौशी लोकांची फार लाडकी असल्याने, या मापाचे लॉकर अजूनही बनतात. किंमत साधारण तीनशे डॉलरच्या घरात. काम करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. इंजिनाचा जोर आला की मधला आडवा दांडा दोन्ही तुकड्यांना उतरत्या खाचेतून बाहेर ढकलतो आणि ते दोन्ही शाफ्टच्या दात्यांत घट्ट रुततात. जोर सोडून वळले की बाहेरचे चाक पुढे पळू लागते, त्याच्या बाजूचे दाते एकमेकांवरून घसरतात आणि ‘टक् टक् टक्’ असा सायकलच्या फ्रीव्हीलसारखा आवाज येतो. म्हणजे टाच उचलण्याचे काम येथे आपल्या उजव्या पायाने अॅक्सिलरेटरवरच करायचे असते.

हा लॉकर मागे बसवावा, असे जवळजवळ प्रत्येक जाणकार सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. चढावर वजन मागच्या चाकांवर येते, मागचा शाफ्ट मजबूत असतो आणि स्टिअरिंगशी त्याचा संबंध नसतो. तरीही मी तो पुढे बसवला. सल्ला दिला उद्यमनगरातील आमच्या मिस्त्रींनी. शिवाजी उद्यमनगरात ज्यांचे लेथ आणि गॅरेज शेजारी शेजारी आहे, अशा मोजक्या लोकांपैकी ते एक. मी त्यांना मामा म्हणतो. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: “करूळ घाटानं पावसात किती वेळा जातासा?” महिन्यातून दोनदा, असे मी सांगितले. “मग पुढनं घाला की. हब सोडलं की पुढचा एक्सल झोपलेला. रस्त्यावर लॉकर हाय का न्हाई, कुणाला कळतंय?”

या तीन वाक्यांत माझा अनेक महिन्यांचा घोळ संपला. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवून लावायचे फ्री-व्हीलिंग हब आहेत. ते सोडलेले असताना चाके पुढच्या शाफ्टपासून सुटी होतात, आणि आत साधे डिफरन्शियल आहे की लॉकर, याने काडीचाही फरक पडत नाही. आपोआप लागणारा लॉकर मागे असता, तर तो घाटातील प्रत्येक वळणावर माझ्याबरोबर असता: अॅक्सिलरेटर दिला की मागची चाके जोडली जाणार, सोडला की सुटणार, आणि हलक्या गाडीत हा प्रत्येक बदल कमरेखाली हिसक्याने जाणवणार. ओल्या डांबरावर ते मला नको होते. शिवाय आमची गाडीवाट उभ्या चढाची नसून तिरक्या चाकोऱ्यांची आहे. ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलरला एकत्र बांधून ठेवत असल्याने, पुढचा एक्सल लॉक झाला की गाडी अडकायला पुढची दोन्ही चाके आणि मागचे किमान एक चाक एकाच वेळी निसटावे लागते. ओढ्याकाठी ते घडत नाही. ज्यांची वाट उभ्या चढाची आहे किंवा ज्यांच्या हबला सोडण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी हा युक्तिवाद लागू नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

खरेदीपूर्वीची एक गोष्ट मात्र सर्वांना लागू आहे: शाफ्टचे दाते मोजा. एसजे मालिकेत वर्षागणिक २२ दात्यांचे आणि २६ दात्यांचे असे दोन्ही शाफ्ट आढळतात, आणि वीस वर्षे जुन्या गाडीत आधीच्या मालकाने कोणता शाफ्ट कुठून आणून घातला असेल, ते आर.सी. पुस्तकात लिहिलेले नसते. मला एका गृहस्थांकडून वापरलेला लॉकर अकरा हजारांत मिळत होता. मी पैसे देण्याच्या तयारीत होतो. मामांनी आधी गाडी स्टँडवर घेतली, मागचा शाफ्ट ओढून बाहेर काढला, कापडाने पुसला, एका दात्यावर खडूची खूण केली आणि बोटाने एकेक दाता मोजला. सव्वीस. मग पुढचा, तोही सव्वीस. अकरा हजारांचा लॉकर बाविसाचा होता. त्याच वेळी दात्यांची पिळवटसुद्धा पाहून घ्यावी. शाफ्टवरील रेषा सरळ न जाता किंचित वळलेल्या दिसल्या, तर तो शाफ्ट आधीच थकलेला आहे आणि लॉकरचा भार तो फार दिवस सोसणार नाही.

नवा लॉकर मागवला. वस्तूची किंमत, कुरिअर आणि शुल्क धरून दारात येईपर्यंत ४१ हजार रुपये झाले. डबा उघडला तेव्हा आत तळहातावर मावतील असे चार तुकडे आणि पेनच्या रिफिलमध्ये असतात तशा इवल्या स्प्रिंगा पाहून घरातून जी प्रतिक्रिया आली, ती येथे लिहीत नाही.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘हा लॉकर घरच्या घरी बसतो’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते आणि ते पुढच्या एक्सलबाबत अर्धेच खरे आहे. जिप्सीचा डिफरन्शियलचा गोळा हाउसिंगमधून अख्खा बाहेर येतो, ही मोठी सोय आहे. काम गाडीखाली पाठीवर झोपून न करता टेबलावर करता येते. मागच्या बाजूला शाफ्ट काढणे सोपे असते. पुढे मात्र हब, ब्रेक, किंगपिन आणि नकल (चाक ज्यावर वळते तो सांधा) हे सगळे उघडल्याशिवाय शाफ्ट बाहेर येत नाहीत, आणि एकदा उघडले की तेथील वीस वर्षांची सील आणि बेअरिंग पाहून ती तशीच परत घालण्याचे धाडस होत नाही. सील, बेअरिंग आणि ग्रीस यांचे ३,८०० रुपये झाले.

टेबलावर गोळा आल्यावर मामांनी पहिली गोष्ट केली ती पंचने खुणा करण्याची: बेअरिंगच्या डाव्या टोपीवर एक टिंब, उजवीवर दोन, आणि बाजूच्या आटेदार कड्यांवर ती जेथे होती तेथे रेघ. टोप्यांची अदलाबदल झाली, तर बेअरिंग पुन्हा जागेवर बसत नाही. पिंजरा काढण्यापूर्वी त्यांनी क्राउन आणि पिनियनमधील प्ले, म्हणजे दात्यांमधली सैल जागा, डायल गेजवर पाहून खडूने भिंतीवर लिहून ठेवला. स्टार गिअर निघाले, लॉकरचे तुकडे बसले, आणि मग तो प्रसिद्ध स्प्रिंगांचा खेळ सुरू झाला. पिना दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवून, खिडकीएवढ्या फटीतून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने एकेक स्प्रिंग दाबून बसवायची. तिसरी स्प्रिंग निसटली आणि लेथच्या बुंध्यातील पोलादी किसात जाऊन पडली. ती चुंबकाने शोधण्यात पाऊण तास गेला. दोन्ही तुकड्यांमधील अंतर माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत आहे ना, हे फीलर गेजने तपासले. ते जास्त असेल तर दाते पुरते रुतत नाहीत, कमी असेल तर सुटत नाहीत. शेवटी प्ले पुन्हा मोजला आणि भिंतीवरच्या आकड्याशी जुळेपर्यंत आटेदार कडी हलवली. मजुरी ६,५०० रुपये. जीएल-५ दर्जाचे ८०-डब्ल्यू-९० तेल भरले, आणि पाचशे किलोमीटरनंतर ते काढून पुन्हा नवे भरले. पहिल्या तेलात बोटाला लागेल एवढी चंदेरी पूड होती. ती अपेक्षितच होती, तुकडे नव्हते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडीवाटेवर गेलो. हब लावले, हवा उतरवली, लो घेतला आणि दुसऱ्या गिअरमध्ये ओढ्याच्या काठावर चढलो. पुढचे डावे चाक नेहमीप्रमाणे हलके झाले, पण या वेळी ते एकटे भिरभिरले नाही. उजवे चाक जांभ्याच्या कडेवर चढले आणि गाडी चालत्या माणसाच्या गतीने पलीकडे गेली. दोनदा परत येऊन पुन्हा गेलो, कारण विश्वास बसत नव्हता. त्रासही लगेच जाणवला. अॅक्सिलरेटर दिलेला असताना स्टिअरिंग सरळच राहू पाहते आणि वळवायला दोन्ही दंडांचा जोर लागतो; पाय उचलला की ते एकदम हलके होते. बाजूला झुकलेल्या ओल्या उतारावर तर जास्तच जपावे लागते, कारण तेथे दोन्ही चाके एकदम फिरली की बाजूची पकडही दोन्हींची एकदम सुटते आणि गाडीचे नाक उताराकडे घसरू लागते. अशा जागी मी आता वेग अगदी कमी ठेवतो आणि चाके फिरू लागताच पाय उचलतो. मागे लॉकर असता तर नाकाऐवजी शेपूट घसरले असते, एवढाच फरक.

ऑगस्टमध्ये मी आण्णांचे वाक्य विसरलो. शेतातून परत फिरताना बांधाजवळ जागा कमी होती. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलेले, चाक दगडाला टेकलेले, आणि मी पाय उचलण्याऐवजी दाबला. ‘कडाक्’ असा एकच आवाज आला. त्यानंतर फोर व्हील लावले की पुढच्या उजव्या चाकातून खडखडाट. नकल उघडले तेव्हा चाकाजवळच्या बर्फिल्ड जॉइंटची (वळलेल्या चाकालाही जोर पोहोचवणाऱ्या सांध्याची) बाहेरची वाटी तडकून तिचे तीन तुकडे झालेले होते आणि गोळ्या ग्रीसमध्ये विखुरल्या होत्या. साधे डिफरन्शियल असते, तर अडलेल्या चाकाऐवजी मोकळे चाक फिरून गेले असते आणि जॉइंट वाचला असता. लॉकरने सगळा जोर अडलेल्या चाकावर नेला, आणि चाक पूर्ण वळलेले असताना हा जॉइंट सर्वांत नाजूक असतो. वापरलेला शाफ्ट, सील आणि मजुरी मिळून ७,२०० रुपये गेले. लॉकरच्या किमतीत हा खर्च मी आता धरतो, कारण तो कधी ना कधी होणारच होता.

एकूण बेरीज अशी: वस्तू ४१ हजार, सुटे भाग आणि मजुरी १० हजार ३००, दोनदा तेल १,४००, मोडतोड ७,२००, म्हणजे ५९ हजार ९००. वेल्डिंगच्या मानाने हे प्रचंड आहे, एअर लॉकरच्या मानाने निम्म्याच्या आसपास. मागच्या एक्सलवरही लॉकर घ्यावा का, असे मित्र विचारतात. सध्या तरी नाही. पुढचे पैसे साठले की ट्रान्सफर केसचे गिअर बदलून लो आणखी खालचा करण्याचा विचार आहे. जिप्सीचा मूळ लो दगडांवर जरा पळतो, आणि गती कमी झाली की चुकीच्या क्षणी पाय दाबण्याची वेळही कमी येईल. तोवर मागच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला एक जादा पुढचा शाफ्ट, ग्रीसचा डबा आणि सर्क्लिपची पक्कड ठेवलेली असते. गेल्या महिन्यात शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची ट्रॉली त्याच ओढ्याकाठी रुतली होती. त्याच्या डिफ-लॉकचे पेडल गंजून अडकले होते.